कापसात गुंडाळलेलं घर

खुशालरावांनी त्या दिवशी फक्त अडकित्ता उचलून कपाटावर ठेवला होता. एवढंच. तिथंच थांबले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण थांबणं हे खुशालरावांच्या स्वभावात नव्हतं. अमरावतीच्या एका कापसाच्या जिनिंगमधून ते हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते, आणि त्या जिनिंगमधल्या 'येथे विडी ओढू नये'पासून 'पट्ट्याजवळ धोतर सांभाळा'पर्यंतच्या सगळ्या पाट्या त्यांच्या वळणदार अक्षरातल्या होत्या. त्यामुळं अपघात टाळण्याच्या शास्त्रात आपला हात धरणारा वऱ्हाडात कोणी नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. (त्या पाट्या कोणी वाचल्या का, हे विचारायचं नाही. मैनाबाईंनी एकदा विचारलं होतं, तर नवरा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. ते दोन दिवस फार सुखाचे गेले असं त्या अजून सांगतात.)

अडकित्त्याची हकीकत अशी. मागच्या दिवाळीत मुलगा पियुष, सून प्राजक्ता आणि नऊ महिन्यांची नात रेवू पुण्याहून अमरावतीला आले होते. लक्ष्मीपूजन आटोपून सगळी मंडळी बैठकीत फराळ करत, गप्पा ठोकत बसली होती, आणि रेवूनं दिवाणाखालून अडकित्ता हुडकून सरळ तोंडात घातला. लागलं काही नाही, रक्ताचा थेंबही नाही. पण प्राजक्ताचा चेहरा जो उतरला तो पुण्याची गाडी सुटेपर्यंत काही वर आला नाही.

आणि आता वैशाख लागला होता. सकाळीच पियुषचा फोन आला.

"बाबा, प्राजक्ताले महिनाभराची सुट्टी भेटली. रेवूले घेऊन येऊन राहिलो."

"ये ना बाप्पा. महिनाभर राहा."

"नाही, म्हणजे... चार दिवस आपल्याकडे. मंग अकोल्याले. तिच्या पप्पांनी घर पुरं सेफ करून ठेवलं म्हणते."

ही गोष्ट खरी होती. प्राजक्ताचे वडील, म्हणजे खुशालरावांचे अकोल्याचे व्याही केशवराव, यांनी मागच्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आपला फ्लॅट फिरून दाखवला होता. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, प्लगांना टोपणं, बाल्कनीला जाळी. अमरावती आणि अकोला यांच्यात जे काही आहे ते या दोन व्याह्यांतही होतं. ऊन कोणाचं जास्त इथपासून रोडगे कोणाचे खरे इथपर्यंत ते कशावरही अटीतटीला यायचे. त्यात आता नात आली.

खुशालरावांनी फोन ठेवला आणि ते नुसतेच बसून राहिले. दिवाळीपासून त्यांनी रेवूला पाहिलं होतं ते मोबाइलमध्ये, आणि रेवूनं तर त्यांची फक्त हनुवटीच पाहिली होती, कारण फोन कसा धरायचा हे त्यांना अजून जमलं नव्हतं. ती हनुवटीचा पापा घ्यायची. मग खुशालराव दिवसभर दाढी न करता हिंडायचे. चार दिवसांत काय होणार? पहिले दोन दिवस पोरगी आईला चिकटून रडणार, तिसऱ्या दिवशी जवळ येणार आणि चौथ्या दिवशी अकोल्याची गाडी. आमरसानं बरबटलेलं तोंड, सांजच्याला अंगणात सडा टाकल्यावर ओल्या मातीत आपटलेले पाय, हे सगळं केशवराव पाहणार. खुशालरावांना फक्त एक महिना नात घरात हवी होती. म्हणून ते उठले आणि त्यांनी अडकित्ता कपाटावर ठेवला.

अडकित्ता वर गेल्यावर त्यांना सुरी दिसली. सुरी गेल्यावर विळी दिसली. मग त्यांना आठवलं की कुठल्याशा व्हिडिओत एकानं सांगितलं होतं, घर लेकरासाठी सुरक्षित आहे का हे बघायचं तर लेकराच्या उंचीवरून बघा. (तो सांगणारा तिशीतला होता.) खुशालरावांनी लुंगी खोचली, गुडघे टेकले आणि बैठकीतून रांगायला सुरुवात केली.

खिडकीजवळच्या बाजेवर त्यांचे वडील बुधाजी बसले होते. पियुषच्या जन्मापासून सगळं घर त्यांना आबाजी म्हणायचं, त्यात खुशालरावही आले. नव्वदीला टेकले होते, पण नजर घारीची. आबाजी तेव्हा आपला अडकित्ता कुठं गेला याच विचारात होते. तेवढ्यात रिटायर झालेला मुलगा समोरून चार पायांवर गेला.

"काय हारपलं रे?"

"काही नाही. पाहून राहिलो."

"काय?"

"आबाजी, मी आता रेवू हावो असं समजा."

आबाजींनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून ते अगदी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, याच्या टायूले कांद्याचा रस लाव. ऊन लागलं याले."

खालून घर खरोखरच भयंकर दिसत होतं. कूलरची लोंबती वायर. न्हाणीघरात अर्धी भरलेली बादली. आबाजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या सगळ्यात खालच्या फळीवर, आणि त्यांचा रंग चॉकलेटच्या गोळ्यांसारखा. दिवाणाखाली शर्टाचं बटण, टाचणी आणि एक भुईमुगाचा दाणा. खुशालरावांना घाम फुटला. या घरात आपण सगळे इतकी वर्षं जिवंत कसे राहिलो, हेच त्यांना कळेना. गुडघे बोंबलायला लागले तेव्हा ते आबाजींच्या बाजेला टेकून खाली बसले.

"आबाजी, मी लहान होतो तवा माय काय करे?"

"काय करे म्हंजे?"

"मले लागू नये म्हणून."

"लागे ना तुले. रोज लागे."

मग गोष्ट निघाली ती बंडीची, म्हणजे बैलगाडीची. ती त्या घरात शंभरदा निघाली असेल, पण निघाली की दोघंही ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकायचे. बाळापूरच्या अलीकडं, मन नदीच्या काठी त्यांचं गाव. दिवाळीनंतर कापूस वेचून झाला की बंडी भरून आबाजी अकोल्याला निघायचे, आणि पाच-सहा वर्षांचा खुशाल हट्टानं कापसाच्या ढिगावर बसायचा. खाली बैलांच्या घुंगरांचा आवाज, वर चांदण्या, अंगाखाली तो गरम, मऊ, ताजा कापूस. तेवढं सुख त्यांना पुढं कुठल्याही गादीवर मिळालं नाही. एकदा तिथंच झोप लागली आणि पोरगा गडगडत रस्त्यावर पडला. आबाजींना पत्ता नाही, कारण तेही पुढं झोपलेले.

"बैलायले रस्ता माहीत होता," आबाजी दरवेळी सांगायचे तसं सांगून गेले.

"पण बैलायले पोरगा माहीत नव्हता."

मागून येणाऱ्या एका गाडीवाल्यानं खुशालला उचलून आणलं तेव्हा भुवईतून रक्त वाहत होतं आणि पोरगा बोरं खात होता. घरी आल्यावर मायनं जखमेत हळद दाबली. आबाजींशी ती पुढचा बाजार येईपर्यंत बोलली नाही. आणि त्यानंतर दरवेळी बंडी निघताना ती आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोराला गाठोड्यासारखं बंडीच्या साटीच्या लाकडाला बांधून टाकायची.

खुशालरावांनी भुवईवरून बोट फिरवलं. व्रण अजून हाताला लागत होता. गुडघ्यावर चिंचेच्या झाडाचा होता, पोटरीवर सायकलचा होता. त्या काळी गावात अंगावर एकही खूण नसलेला पोरगा दिसला की लोक त्याची चौकशी करायचे, पोरगा आजारी असतो का म्हणून. दुखलेलं काहीच आठवत नव्हतं. हळद दाबताना माय फुंकर घालायची ती मात्र आठवत होती, आणि खुशालरावांना एकदम मायची फार आठवण आली. ते उठले आणि कामाला लागले.

नातीपासून पणजोबापर्यंत घरातल्या कुठल्याही वयाच्या माणसाला इजा होता कामा नये, असा त्यांनी आता विडाच उचलला. सुऱ्या, विळी, खलबत्ता, आगपेट्या, तिखट, हळद, लाटणं, सगळं माळ्यावर गेलं. शिडीवर लेकरू चढेल म्हणून शिडी गच्चीवर गेली. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली खुशालरावांच्या सदऱ्याच्या खिशात गेली. बादल्या पालथ्या झाल्या. गोळ्या कुलपात गेल्या, त्यामुळं सकाळची गोळी आबाजींना दुपारी मिळू लागली. स्वयंपाकघराच्या दारात रेवू जाऊ नये म्हणून गुडघाभर उंचीची फळी ठोकली. एक काम मात्र खरंच शहाणपणाचं झालं, गल्लीतल्या योगेश इलेक्ट्रिशियनला बोलावून कूलरचं अर्थिंग करून घेतलं. पण तेवढ्यावर समाधान मानतील तर ते खुशालराव कसले. त्यांनी कूलरसमोर एक बाज उभी करून बांधून टाकली. वैशाखात अमरावतीला कूलरची हवा अडली म्हणजे माणूस शिजतो. बाजेमागं गारवा छान होता आणि तिथं गल्लीतली मांजर येऊन झोपू लागली. घरातली माणसं तिच्याकडं पाहून घाम पुसत होती.

"भाजी काय दातानं चिरू?" मैनाबाईंनी विचारलं.

"महिन्याचा तं प्रश्न हाये."

"महिना कुठी? चार दिवस येऊन राहिली ते."

हे वाक्य खुशालरावांना अडकित्त्यापेक्षाही जास्त लागलं. त्यांनी आबाजींच्या बाजेपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीनं एक दोर ताणून बांधला.

"हे कायले?" आबाजी म्हणाले.

"धरून चालाले. या वयात पडलं तं खुबा मोडते."

दुसऱ्या दिवशी त्या दोरावर आबाजींचं धोतर वाळत होतं. मग खुशालरावांनी न्हाणीघराच्या दारावर आपल्या वळणदार अक्षरात 'सावधान, घसरण' अशी पाटी लावली. आबाजींना वाचता येत नव्हतं. पण पाटीचा खिळा ठोकताना खुशालरावांनी हातोडी आपल्याच अंगठ्यावर मारून घेतली, हे मात्र त्यांनी बाजेवरून नीट पाहिलं.

उरले कोपरे. दिवाणाचे, टेबलाचे, ओट्याचे, उंबरठ्यांचे. केशवरावांच्या कोपऱ्यांना रबर होतं, ऑनलाइन मागवलेलं.

"रबर?" खुशालराव म्हणाले. "वऱ्हाडातला माणूस कोपऱ्याले रबर लावते? कापूस काय मेला?"

आणि इथं त्यांचं नशीब फिरलं. गावाकडं त्यांचा चुलतभाऊ देवराव भाव चढायची वाट पाहत कापूस घरातच ठेवून बसला होता. दिवाळीपासून एक खोली गच्च भरलेली. खुशालरावांनी फोन केला, देवरावनं दोन पोती एसटीत टाकून दिली. (त्यानं "कायले पायजे?" असं विचारलंही होतं. "घर सजवाचं हाये" असं उत्तर मिळाल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही. शहरात राहून माणसाचं असं होतं हे त्याला ठाऊक होतं.)

आता एक गोष्ट खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. घरात साठवलेल्या कापसाला उन्हाळ्यात बारीक कीड होते, डोळ्याला दिसत नाही, पण त्या कापसाशी अंग लागलं की माणूस खाजवून खाजवून वेडा होतो. शेतकऱ्याच्या घरी वैशाखात त्या खोलीत कोणी पाय ठेवत नाही. खुशालरावांच्या अंगाखालचा कापूस मात्र कायम दिवाळीनंतरचा, ताजा. नोकरीतला कापूस त्यांनी पाहिला तो ऑफिसच्या खिडकीतून.

आबाजींनी पोती पाहिली.

"खुशाल, वैशाखातला कापूस आंगाशी आणू नये."

"आबाजी, माही सारी नोकरी कापसात गेली."

"तुही नोकरी खुर्चीत गेली," आबाजी म्हणाले, आणि संध्याकाळी त्यांनी आपली बाज उचलायला लावून अंगणात नेली. उकडतं म्हणाले.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. खुशालरावांनी दुपारभर बसून मैनाबाईंची जुनी लुगडी फाडली, त्यांत सरकीसकट कापूस भरला आणि सुतळीनं एकेका कोपऱ्याला आवळून बांधला. मैनाबाईंनाही त्यांनी हाताखाली घेतलं होतं. दिवाणाचे चारही पाय सुजल्यासारखे दिसू लागले. टेबलानं डोक्याला पागोटं बांधलं. उंबरठ्यांवर तर लोडच पसरले. संध्याकाळी खुशालरावांनी दारात उभं राहून घराकडं पाहिलं. पडून फुटण्यासारखं कुठंच काही नव्हतं. घरालाच कुठून तरी मार बसून आलाय आणि ते मलमपट्टी करून बसलंय असं वाटत होतं, पण त्यांचं ऊर भरून आलं. उरलेल्या कापसाची उशी करून ते त्यावर डोकं ठेवून झोपले, आणि त्यांना स्वप्नात बैलांची घुंगरं ऐकू आली.

सकाळी जाग आली ती मानेला आलेल्या खाजेनं. मग पाठ. मग पोट. मग जिथं हात पोचत नाही त्या सगळ्या जागा एकदमच. ते उठून बसले तर मैनाबाई दाराच्या चौकटीला पाठ घासत उभ्या होत्या.

"लाटणं कुठी ठेवलं?" त्या म्हणाल्या.

"आता सकायी सकायी पोया?"

"पाठ खाजवाची हाये मले."

अंगणात आबाजी निवांत बसले होते. त्यांच्या अंगाला काहीच झालं नव्हतं. त्यांनी खुशालरावांच्या मानेवरचे लाल ठिपके पाहिले आणि सुपारी या गालातून त्या गालात नेली.

तेव्हा खुशालरावांना सगळं कळलं. उद्या-परवा नव्हे, आज रेवू येणार, त्या पागोट्याला हात लावणार, तिच्या कोवळ्या कातडीवर लाल ठिपके उठणार आणि प्राजक्ता चार दिवसही थांबणार नाही. ऑटो उलटा फिरवून थेट अकोला. आणि केशवराव तिथं रबराच्या कोपऱ्यांमध्ये उभे राहून म्हणणार, काय झालं, व्याही? खुशालरावांनी सदरा काढून परसात भिरकावला. गाडी दोन तास तरी लेट असतेच, तेवढ्यात सगळं आवरू, असं ते मनाशी म्हणाले, आणि फोन वाजला.

"बाबा, बडनेऱ्याले उतरलो. गाडी राइट टाइम आली. ऑटो केला, निघालोच."

पुढची धावपळ पाहण्यासारखी होती. उघडेबंब खुशालराव एका हातानं पाठ खाजवत आणि एका हातानं सुतळ्या तोडत घरभर नाचत होते. परसदाराच्या उंबरठ्यावरचा लोड सगळ्यात मोठा, म्हणून तो त्यांनी आधी काढला. मग दिवाण, मग टेबल. बैठकीतली सगळी पागोटी एकदम कवेत घेतली, इतकी की समोरचं दिसेना, आणि परसाकडं धाव घेतली. परसात जायचा रस्ता स्वयंपाकघरातून. स्वयंपाकघराच्या दारात फळी. ती फळी त्यांनीच ठोकली होती, आणि पक्की ठोकली होती.

पाय फळीत अडकला. स्वयंपाकघर एवढंसं, त्यामुळं दोन लडखडती पावलं टाकून खुशालराव पार परसदारापर्यंत पोचले आणि त्यांचं कपाळ बरोबर उंबरठ्यावर आपटलं. घरातल्या ज्या उंबरठ्यावर पाच मिनिटांपूर्वीपर्यंत लोड होता, त्याच. हातातला कापूस चहूकडं उडाला. अंगाखाली मात्र एक बोंडभरही आला नाही.

"माय वं," एवढंच ते म्हणाले.

"हलू नका. हळद आणते," मैनाबाई धावल्या, आणि माळ्याखाली जाऊन थांबल्या. हळद माळ्यावर. शिडी गच्चीवर. गच्चीला कुलूप. "किल्ली कुठी हाये?"

"सदऱ्यात."

"सदरा?"

"परसात फेकला," खुशालराव उंबरठ्यावरूनच म्हणाले. परसदारात तेच आडवे पडले असल्यामुळं मैनाबाईंना पुढच्या दारानं, घराला वळसा घालून सदरा शोधायला जावं लागलं.

आवाज ऐकून आबाजी आत आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं भिंतीवरचा दोर धरलेला, धोतर बाजूला सारत सारत ते स्वयंपाकघरापर्यंत पोचले. मैनाबाईंनी जाताना खिळखिळी झालेली फळी उखडून टाकली होती म्हणून बरं. आबाजींनी पोराकडं पाहिलं. टेकडीसारखं टेंगूळ वर येत होतं, घोटा सुजायला लागला होता. आबाजींचा चेहरा पार बदलला. इतक्या वर्षांत तो चेहरा खुशालरावांनी कधी पाहिला नव्हता. पाहिला असेल तर अकोल्याच्या रस्त्यावर, बोरं खाताना, पण तेव्हा त्यांचं लक्ष बोरांत होतं.

आबाजींनी काठी उचलली आणि उंबरठ्यावर फाडकन मारली.

"हात् मेल्या! माह्या पोराले मारतं?" आणखी एक काठी. "उगी बावा, उगी. हे पाय, मारलं त्याले."

पासष्टीच्या उंबरठ्यावरचा पोरगा जमिनीवर पालथा पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरं वाटलं. नेमक्या त्याच वेळी बैठकीत चपला वाजल्या. प्राजक्ता दारात उभी होती. मागं बॅगा घेऊन पियुष. सासरे उघडे, कपाळाला टेंगूळ, चहूकडं कापूस, आणि आजेसासरे उंबरठ्याला बडवतायत, असं दृश्य सुनेला पहिल्या पावलाला सहसा दिसत नाही.

तिच्या कडेवरची रेवू खाली उतरली. दिवाळीला रांगणारी पोरगी आता दुडुदुडु चालत होती. ती सरळ आबाजींजवळ गेली, वाकली आणि तिनंही उंबरठ्याला एक चापट मारली. मग दुसरी. मग अन्याय नको म्हणून एक आजोबांच्या गालावरही ठेवून दिली.

"रेवू, कापसाले हात लावू नको," खुशालराव कळवळून म्हणाले. "उचला तिले. खाज सुटते."

प्राजक्तानं पोरीला उचलून पियुषकडं दिलं, खाली पाहिलं, सासऱ्यांची मान पाहिली. अकोल्याची मुलगी ती, तिचं आजोळ शेतकऱ्याचं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी वैशाखातला कापूस घराले बांधला?"

"कोपरे लागतीन म्हणून. तिले."

प्राजक्ता आधी हसू दाबत होती. मग ते दबेना, तशी ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं डायपरच्या पिशवीतून लेकराच्या जखमेच्या पट्ट्या काढल्या आणि सासऱ्यांच्या कपाळावर एक लावली. त्या पट्टीवर पिवळी बदकं होती. मैनाबाई किल्ली, शिडी आणि हळद घेऊन पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं, मग ती हळद त्यांनी घोट्याला लावली.

डॉक्टरांनी घोटा मुरगळल्याचं सांगितलं. पट्टा बांधला आणि तीन-चार आठवडे बाजेवरून खाली उतरायचं नाही म्हणाले. दुपारपर्यंत पियुषनं हातमोजे घालून कापूस घराबाहेर काढला, सगळी फरशी फिनाइलनं धुतली, सुऱ्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, विळी खाली आली आणि कूलरपुढची बाज हलवली. मांजर नाराज होऊन निघून गेली.

खुशालराव पाय उशीवर ठेवून पडले होते. चौथ्या दिवसाचा विचार करत होते. तेवढ्यात प्राजक्ता पलीकडं फोनवर वडिलांशी बोलताना त्यांना ऐकू आली.

"नाही पप्पा, महिनाभर आमी इथंच राहतो. तुमी अन् आईच या आठ दिवसांनी." पलीकडून केशवराव काहीतरी म्हणाले. "नाही, रेवूची काही काळजी नाही. तिला एका जागी ठेवता येतं. बाबांना नाही ठेवता येत."

फोन ठेवून ती बाजेजवळ आली.

"बाबा, दिवाळीला आपण सगळे घरात होतो. पण रेवूकडे कोणीच पाहून नव्हतं राहिलं. मी पण नाही. ते मनातून जातच नव्हतं माझ्या." तिनं रेवूला त्यांच्याजवळ बाजेवर बसवलं. "आता तुमी दिवसभर इथं बसून आहात. तुमचं काम एकच, हिच्याकडे पाहायचं. दोर-पाट्या काही नको." मग जाता जाता म्हणाली, "पप्पा विचारत होते, कोपऱ्याचं रबर पाठवू का. व्याह्यांसाठी."

संध्याकाळी मैनाबाईंनी अंगणात सडा टाकला. मातीचा वास सुटला. खुशालरावांची बाज अंगणात आणली होती, आबाजींच्या बाजेला लागून. रेवू ओल्या मातीत पाय आपटत होती आणि दर दोन मिनिटांनी येऊन आजोबांच्या कपाळावरची बदकं उपटून पाहत होती. खुशालराव तिच्यावरून नजर हलवत नव्हते. कपाळ ठणकत होतं, घोटा ठणकत होता, अंग अजून अधूनमधून खाजत होतं, आणि ते इतके सुखात होते की गावातल्या त्या कापसाच्या बंडीवरही तेवढे नसतील.

"आबाजी," ते हळूच म्हणाले, "पडलो ते बरंच झालं म्हणा. नाही तं चार दिवसांत गेली असती पोरगी."

आबाजींनी मान डोलावली.

"मंग दिवायीलेबी पडजो," ते म्हणाले. "फक्त पयले सांगून पडजो बाप्पा. मले काठी घेऊन उठाले वेळ लागते."